खालच्या भिंगाचं झाकण

दुपारची जेवणं उरकली, भांडी विसळून पालथी पडली, की बार्शीत बोलायलासुद्धा कुणी जागं सापडत नाही. चैत्रातलं ऊन रस्त्यावर ठाण मांडून बसलेलं असतं आणि कुत्रीही गटारीच्या कडेची सावली धरून अंग टाकून देतात. अशा वेळी शहाण्या माणसानं पंख्याखाली डाव्या कुशीवर व्हावं. वैजनाथराव कोठावळे मात्र मधल्या खोलीत, कॉटवर भिंतीला पाठ लावून ताठ बसले आहेत आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत एका काळ्या पिशवीत अडकले आहेत. पंखाही फिरत नाही, कारण वीज गेली आहे.

पिशवी जाड, दुपदरी कापडाची आहे. तिला शर्टासारख्या दोन बाह्या आहेत. त्यातून हात आत घातले की कोपराशी इलॅस्टिक घट्ट बसतं आणि आत उजेडाचा कणही शिरत नाही. फोटोचा रोल उजेडात उघडला की गेलाच, म्हणून पूर्वी परगावच्या लग्नात रोल अडकून बसला, की मांडवाच्या मागं याच पिशवीचा आधार असायचा. आत्ता तिच्या आत रोल धुवायचा टँक आहे, टँकचं झाकण आहे, फिल्म गुंडाळायचं प्लास्टिकचं रीळ आहे, एक कात्री आहे, आणि काळ्या कागदातून मोकळी केलेली फिल्म आहे. ती फिल्म चार बोटं रिळात शिरली आणि आडमुठ्या पाहुण्यासारखी दारातच बसून राहिली. पुढं ढकलावी तर दुमडते, मागं ओढावी तर करकरते. आणि हात बाहेर काढायची सोय नाही. हात काढले तर बाहीतून उजेड शिरणार.

फोटो वैजनाथरावांनी काढायचे आणि रोल रत्नमालानं धुवायचे, अशी या घराची रीत होती. स्टुडिओच्या पाटीवर नाव एकट्या कोठावळ्यांचं होतं, पण गावातल्या निम्म्या लग्नांचं नशीब या घराच्या न्हाणीत, दाराच्या फटीला गोधडी लावून, तिच्या हातात असायचं. वैजनाथरावांच्या अंगात धीर म्हणून नाही. शटर दाबलं की त्यांच्या लेखी फोटो झाला. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिनं त्यांची रिळाशी चाललेली झटापट ऐकली, दार ढकलून आत आली, त्यांच्या हातातून रीळ काढून घेतलं, आणि ते त्यांना परत कधी मिळालं नाही. त्यांनीही मागितलं नाही. रोल धुवायच्या औषधांनी तिची नखं तपकिरी पडायची. लग्नकार्यात बायका विचारायच्या, मेंदी का हो? ती सांगायची, हो, बारमाही.

रोल संपला की त्याच्या टोकाची कागदी पट्टी जिभेनं ओली करून चिकटवायची असते, पाकीट चिकटवतात तशी. वैजनाथरावांना त्या डिंकाची चव सोसायची नाही. ते रोलला रबर लावून घरी आणायचे आणि तिच्यापुढं धरायचे. मग ती चुलीशी असो की देवापाशी, जीभ काढून पट्ट्या चिकटवून द्यायची. या गावातलं एकही लग्न असं नाही की जे आधी माझं उष्टं झालेलं नाही, असं ती म्हणायची, आणि तिच्या त्या म्हणण्याला सासूबाईही तोंडाला पदर लावून हसायच्या.

पुढं रोलचे दिवस सरले. स्टुडिओचा गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्याला गेला, आणि फ्रिजमध्ये एकच रोल उरला. गेल्या पावसाळ्यात रत्नमालानं तो मागितला. तेव्हा तिची तब्येत उतरायला लागली होती. घरात फ्लॅशशिवाय फोटो काढायचा तर कॅमेऱ्यावर आकडे काय ठेवायचे, एवढंच तिनं विचारलं. वैजनाथरावांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं. पुढं काही दिवस कधी न्हाणीतून, कधी परसातून शटरचा आवाज त्यांच्या कानावर यायचा. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, एक रोल मी काढलाय, बरं वाटलं की धुईन. ते म्हणाले, धू तर खरं, काय दिवे लावलेस ते बघू. ती हसली होती.

तिला बरं वाटलंच नाही. कार्तिकात ती गेली.

रोल सापडला तो परवा, लेक कीर्ती पुण्याहून येऊन फ्रिज साफ करत होती तेव्हा. अंड्यांच्या खणात मागं सरकवलेला, पट्टी नीट चिकटवलेली. कीर्तीचं म्हणणं सरळ होतं, की पुण्यात अजून असे रोल धुणारे आहेत, मी घेऊन जाते. वैजनाथरावांनी नकार दिला. आईचा रोल परक्याच्या हाती द्यायचा नाही. त्यावर कीर्तीनं हळूच विचारलं, बाबा, पण तुम्हाला रीळ भरता येतं का? चाळीस वर्षं बघत आलोय, असं ते तडकाफडकी म्हणाले. ते खरं नव्हतं. रीळ काळोखात भरतात. चाळीस वर्षं ते दाराबाहेर बसून होते.

आणि हा रोल एकच आहे. रत्नमालानं सगळ्या जन्मात काढलेले फोटो म्हणजे या रोलवर मावलेले हे बारा. दुसऱ्यांनी बघितलेलं जग धुवून देण्यात तिचं आयुष्य गेलं, तेव्हा तिला स्वतःला काय बघावंसं वाटलं असेल, हे कळायची एवढी एकच वाट उरली आहे. एक चूक झाली, फिल्म दुमडून एकमेकीला चिकटली, की ती वाट बंद. हे वैजनाथरावांना पुरतं ठाऊक आहे, म्हणून तर हात जास्तच घामेजतात.

सकाळपासून त्यांनी तयारी केली होती. मागवलेली औषधं मापून ठेवली. न्हाणीच्या झरोक्याला आता जाळी बसवली आहे, तिथून उजेड येतो, म्हणून पिशवी शोधली. कॅमेऱ्यात चुकून दुसरा रोल तर नाही ना, हे बघायला तोही कातडी पेटीतून काढला. जुना, दोन भिंगांचा कॅमेरा. वरच्या भिंगातून माणसानं बघायचं आणि खालच्या भिंगातून फिल्मनं. त्याचं मूळचं झाकण परांड्याच्या एका लग्नात हरवलं, तेव्हा रत्नमालानं खालच्या भिंगाला बामच्या बाटलीचं झाकण बसवून दिलं होतं, आतून ब्लाउजच्या उरलेल्या मखमलीचा तुकडा डकवून. ते झाकण आपल्या जागी होतं. वैजनाथरावांनी कॅमेरा पुसून समोरच्या फळीवर ठेवला. मग रोल हातात घेतला आणि त्याची पट्टी फाडायला बराच वेळ लावला. तिच्या जिभेनं ओलं केलेलं या घरात आता तेवढंच उरलं होतं.

फिल्म पुन्हा अडते. वैजनाथरावांच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबतो आणि तो पुसायलाही हात मोकळा नाही. तेव्हा त्यांना तिचं एक म्हणणं आठवतं. फिल्म अडली की जोर करायचा नाही. थांबायचं. हात सुकू द्यायचे. ते हात पिशवीत सैल सोडतात, डोकं भिंतीला टेकवतात, आणि थोडा वेळ म्हणून डोळे मिटतात. लांब कुठंतरी पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरतो आहे. वीज नसताना गिरणी कशी चालू, असं त्यांच्या मनात येतं, आणि तो विचार अर्ध्यावरच विरघळतो.

पिशवीत कुणाचा तरी हात आहे.

तो त्यांच्या बोटांतून फिल्मचं टोक हलकेच काढून घेतो. बोटं गार आहेत आणि शेंड्यांशी खरखरीत.

"सोडा की," ती म्हणते. "केवढा जोर लावायलाव तुम्ही."

वैजनाथराव सोडतात. भोवती मिट्ट काळोख आहे. बंबाचा तांब्याचा वास येतो आहे, म्हणजे ही न्हाणी आहे, आणि ते गार फरशीवर मांडी घालून बसले आहेत, जिथं त्यांना कधी बसू दिलं गेलं नव्हतं. दाराच्या फटीला गोधडी आहे. समोर पाटावर ती बसली असणार, तिच्या बांगड्या तेवढ्या ऐकू येतात. त्यांना वाटतं, आपण फार मोठा आवाज केला तर ही उठून जाईल. म्हणून ते अगदी खालच्या सुरात विचारतात, की तू कधी आलीस.

"मी कुठं गेले होते? आतच आहे की."

 रीळ तिच्या हातात पुढं-मागं फिरतं आहे, खटखट, खटखट, दाराबाहेर बसून ते ऐकायचे तसंच. मग त्यांना विचारायचं असतं ते विचारतात.

"दुखतं का अजून?"

"आता काय दुखायचंय."

हे ती अगदी सहज म्हणते. शेवटच्या महिन्यात ती कूस बदलायलाही त्यांचा हात धरायची. ते काळोखात हात पुढं करतात, तिथं तिचा गुडघा लागतो, आणि ते हात तिथंच ठेवतात. ती काढ म्हणत नाही.

"आता बघा," ती म्हणते. "तुम्हाला खोटं वाटायचं ना."

फिल्मचं एक टोक काळ्या कागदाला चिकटपट्टीनं जोडलेलं असतं. ती पट्टी काळोखात ओढून काढली की तिच्याखाली क्षणभर निळा उजेड पडतो, असं रत्नमाला कायम सांगायची, आणि ते म्हणायचे, तुला अंधारात बसून भास होतात. ती पट्टी ओढते. बारीक निळी रेघ फरशीवरून सरकत जाते आणि तेवढ्या उजेडात तिचा चेहरा दिसतो. आजारपणाआधीचा, भरलेला. डोळे मिटलेले आहेत. काळोखातही ती डोळे मिटूनच काम करते, हे त्यांना आज कळतं.

रेघ विझते. वैजनाथराव म्हणतात, पुन्हा एकदा. पट्टी एकदाच असते, ती सांगते, आणि उठून दार उघडते.

बाहेर बार्शीचं एसटी स्टँड आहे. ऊन आहे पण डोळ्यांना लागत नाही. परांड्याची गाडी फलाटाला लागली आहे, तिच्यात कुणी बसलेलं नाही. खांबाखांबांना दोऱ्या बांधल्या आहेत आणि त्यावर कपडे वाळवायच्या चिमट्यांनी धुतलेल्या फिल्म टांगल्या आहेत, पार मुतारीच्या भिंतीपर्यंत. टोकांवरून पाणी ठिबकतं आहे. वैजनाथराव सवयीनं एक फिल्म कडेनं धरतात आणि उजेडाकडे करतात. तिच्यात काही नाही. ते दुसरी बघतात, तिसरी बघतात. सगळ्या काचेसारख्या कोऱ्या, आणि त्यांच्या आरपार परांड्याच्या गाडीची पाटी वाचता येते.

"तिकडं बघू नका," मागून रत्नमाला म्हणते.

"सगळ्या कोऱ्या आहेत."

"माझ्या आहेत त्या."

ती बाकावर जाऊन बसते. वैजनाथराव तिच्या शेजारी बसतात. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळते आणि सोडते. लेकीच्या शाळेत बोलावणं आलं की ती अशीच बसायची, जणू नापास तीच झाली आहे.

"बारावा काढून झाल्यावर बघितलं," ती म्हणते. "खालचं झाकण बसलेलंच होतं. वरून तर सगळं नीट दिसत होतं. कितव्या फोटोपासून बसलेलं, ते काही ठाऊक नाही."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही पाहुण्यांना डॉक्टरची गोष्ट सांगत होता."

वैजनाथरावांना ती गोष्ट आठवावी लागत नाही, ती त्यांच्या जिभेवरच असते. गावातले एक बडे डॉक्टर काश्मीरला गेले, असलाच दोन भिंगांचा कॅमेरा घेऊन, आणि सगळा काश्मीर झाकणाच्या आतूनच काढून आणला. वर स्टुडिओत येऊन भांडले, की तुमच्या बायकोनं रोल बिघडवला. वैजनाथराव डॉक्टरांची मान, डॉक्टरांचा चष्मा, सगळं करून दाखवायचे, आणि मैफल हसून हसून लोळायची. रत्नमालाला बघायला माणसं यायची, तोंडं पाडून बसायची, तेव्हाही त्यांनी ती सांगितली होती. घरात थोडं हसणं व्हावं म्हणून. एकदा नव्हे, येईल त्या पाहुण्याला. आणि ती उशीला टेकून बसलेली असायची, पदर तोंडाला लावून.

"तू पण हसायचीस," ते म्हणतात.

"मग काय करणार?"

 वैजनाथराव आपल्या चपलांकडे बघत बसतात. त्यांना लाज वाटते, आणि लाजेहून जास्त वाईट वाटतं, की शेवटच्या दिवसांत एवढीशी गोष्ट तिनं एकटीनं उशाखाली ठेवली. परांड्याची गाडी रिकामीच सुटते. तिचा आवाज होत नाही.

मग ते विचारतात, की निदान काय काय काढलं होतंस ते तरी सांग. आधी ती नको म्हणते. ते पुन्हा विचारतात, तेव्हा ती एकेक बोट मुडपत सांगायला लागते आणि वैजनाथराव कान देऊन ऐकतात. परसातल्या दोरीवर नुसते चिमटेच होते, तो एक. कीर्तीची गंजलेली सायकल आणि तिच्या सीटवर वाळत घातलेलं फडकं. आरशात धरलेले स्वतःचे हात, नखांसकट. समोरच्या जंगमबाई सूप पाखडताना, त्यांना न सांगता. ती सांगते तसतसं स्टँडचं छत खाली येतं, भिंती जवळ येतात.

"एक आपल्या न्हाणीचा आहे," ती म्हणते. "दार सताड उघडं ठेवून काढला. सगळा जन्म तिथं गेला, पण तिथं ऊन कसं पडतं ते बघितलंच नव्हतं. बंबावर असं तिरपं पडतं. फार छान पडतं हो."

"आणि बारावा?"

"तुमचा. दुपारी झोपला होता तेव्हा."

ते झोपलेलेच आहेत. मधल्या खोलीत, कॉटवर, डाव्या कुशीवर. पंखा बंद आहे. खिडकीतून पावसाळी उजेड येतो आहे, गेल्या वर्षीचा. पायांशी रत्नमाला उभी आहे, कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून. या कॅमेऱ्यात वाकूनच बघावं लागतं, विहिरीत डोकावल्यासारखं. आत डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून ती चुकीच्या बाजूला सरकते, थांबते, मग बरोबर बाजूला सरकते. तिच्या हातावर सुईचा निळा डाग आहे. कॅमेरा तिला जड होतो आहे, ते बघताच कळतं.

"हलू नका," ती म्हणते. "उजेड कमी आहे. हललात की जाईल."

वैजनाथराव हलत नाहीत. श्वासही अर्धा धरतात. झोपलेला माणूस उघड्या डोळ्यांनी कसं बघतो हे त्यांना कळत नाही, पण त्यांना सगळं स्वच्छ दिसतं आहे. वरच्या भिंगात खिडकीचा चौकोन चमकतो आहे. आणि खालच्या भिंगावर बामच्या बाटलीचं झाकण घट्ट बसलेलं आहे.

ती फिल्म सरकवायची चावी फिरवते. बोट शटरवर ठेवते.

आता हललं तर फोटो जाणार. नाही हललं तरी जाणारच. वैजनाथराव जागेपणी असते तर आधी हसले असते, मग ओरडले असते, आणि मग ती गोष्ट संध्याकाळी कुणाला तरी सांगितली असती.  इथं ते हळूच उठून बसतात.

"माला," ते म्हणतात. "थांब. खालचं झाकण राहिलंय."

ती मान वर करत नाही. वाकलेलीच राहते, भांग तेवढा दिसतो.

"हसणार नाही ना?"

"नाही."

"कुणाला सांगणार नाही?"

"कुणाला नाही."

ती कॅमेरा थोडा पुढं करते. वैजनाथराव हात लांब करतात, झाकण दोन बोटांत धरतात आणि किंचित फिरवून ओढतात. ते जरा घट्ट आहे, मग सुटतं. झाकण मुठीत घेऊन ते परत डाव्या कुशीवर होतात, डोळे मिटतात. तिला हवे होते तसे. शटर दाबल्याचा आवाज येतो आणि त्याच्यामागोमाग, कमी उजेडात शटर उघडं राहतं तेव्हाची ती बारीक घरघर. ती घरघर थांबत नाही. वाढतच जाते.

पंखा सुरू झाला आहे. वीज आली आहे, फ्रिजही धडधडून जागा झाला आहे. वैजनाथराव भिंतीला टेकून बसलेले आहेत, मान अवघडली आहे, आणि हात कोपरापर्यंत पिशवीत आहेत. इलॅस्टिकखाली कातडीला घट्ट वळ पडले आहेत. फिल्म उजव्या हाताशी आहे, तशीच, चार बोटं रिळात आणि बाकीची बाहेर.

डाव्या मुठीत काहीतरी आहे.

ते मूठ उघडत नाहीत. आधी नुसतं दाबून बघतात. लहान, गोल, कडेला बारीक खाचा. मग पिशवीतल्या काळोखात अंगठा आत फिरवतात. आत मखमल आहे, एका बाजूला डिंक सुटून थोडी वर आलेली.

 पंख्याचा वारा अंगाला लागतो आहे. मग ते ती वस्तू पिशवीच्या कोपऱ्यात सांभाळून ठेवतात, डोळे मिटतात, आणि फिल्म रिळातून सरळ बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून लावतात. कडेनं धरून, जोर न करता. हात सुकले आहेत. रीळ पुढं-मागं फिरू लागतं, खटखट, खटखट, आणि फिल्म आपणहून आत जात राहते, शेवटच्या टोकापर्यंत. ते रीळ टँकमध्ये ठेवतात, झाकण फिरवून बसवतात, ते बसलं की नाही हे पुन्हा पुन्हा चाचपून बघतात. मगच पिशवीतून हात काढून चेन उघडतात.

समोरच्या फळीवर कॅमेरा आहे. सकाळी ठेवला होता तिथंच, तसाच. त्याच्या खालच्या भिंगावर झाकण नाही. खिडकीचा चौकोन दोन्ही भिंगांत चमकतो आहे.

पुण्याहून कीर्तीचा फोन येतो. भरलं का रीळ, ती विचारते. भरलं, ते सांगतात. फोटो निघतील ना बाबा, ती विचारते, आणि वैजनाथराव म्हणतात, आईचा हात आहे, बघू. बाकीचं ते तिला सांगत नाहीत. कुणालाच सांगणार नाहीत.

ते झाकण शर्टाच्या खिशात टाकतात, टँक उचलतात आणि न्हाणीत येतात. बंबावर चार वाजायच्या सुमाराचं ऊन तिरपं पडलं आहे. टँक बंद झाला की त्याला उजेड चालतो. वैजनाथराव पाटावर बसतात, औषधाचं भांडं जवळ ओढतात, आणि दार उघडंच ठेवतात.